कुलूप उघडण्याची परवानगी



११ ऑगस्ट २०१८, शनिवार. दुपारी तीनच्या सुमारास पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या बनावट कार्डांवर जगभरातल्या एटीएममधून पैसे निघायला लागले. रात्री दहापर्यंत २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये गेले. भारतातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी गेले, त्यांत कोल्हापूरची एटीएमही होती. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या बँकांमधल्या संदेश यंत्रणेवरून हाँगकाँगच्या एका खात्यात सुमारे १४ कोटी वळते झाले. सगळे मिळून ९४ कोटी. १९०६ साली स्थापन झालेल्या, मध्यमवर्गाने पिढ्यान्‌पिढ्या आपली पुंजी ठेवलेल्या बँकेवर हा घाला पडला.

हे घडलं कसं ते नीट समजून घेऊ. तुम्ही एटीएममध्ये कार्ड घालता आणि रक्कम टाकता. ती मागणी व्हिसाच्या किंवा रुपेच्या जाळ्यातून तुमच्या बँकेच्या एटीएम स्विचकडे येते. स्विच पुढे खात्यांचा हिशेब ठेवणाऱ्या कोअर बँकिंगला विचारतो की या खात्यात एवढे पैसे आहेत का. तिकडून होकार आला की मशीन नोटा मोजतं. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून स्वतःचा एक बनावट स्विच उभा केला. मागणी आली की तो परस्पर ‘हो’ म्हणायचा. कोअर बँकिंगपर्यंत प्रश्न जातच नव्हता. म्हणून कुठल्याही खातेदाराच्या खात्यातून रुपयाही वजा झाला नाही. गेले ते बँकेचे स्वतःचे पैसे.

एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं. बनावट कार्डं घेऊन एटीएमसमोर उभं राहायचं, पैसे पुढे द्यायचे आणि वाटा घ्यायचा, अशा साखळीतले हे लोक. ज्यांनी तो स्विच रचला त्यांच्याबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं आहे. इथे बसलेल्या मुलांनी यातला एक भाग लक्षात ठेवावा. ‘तुझं बँक खातं थोडे दिवस वापरायला दे, टक्केवारी देतो’ असं सांगणारे आज टेलिग्रामवर कॉलेजच्या मुलांनाच गाठतात. पोलीस अशा खात्याला म्यूल अकाउंट म्हणतात. साखळीतला सगळ्यात बाहेरचा माणूस सगळ्यात आधी हाती लागतो, आणि तो बहुतेक वेळा विशीतला असतो.

आता दुसरी बाजू. बँका, रुग्णालयं, कारखाने यांच्या संगणक यंत्रणा फोडून बघणं हा माझा व्यवसाय आहे. हत्यारं चोराचीच, वाटाही त्याच, चिकाटी तेवढीच लागते. फरक पडतो तो कामाच्या दोन टोकांना. सुरुवातीला मालकाची लेखी परवानगी असते आणि शेवटी अहवाल असतो. मधला भाग, म्हणजे फोडण्याचा, सिनेमात दिसतो, म्हणून लोकांना तेवढाच हा पेशा वाटतो. मला आज ठासून सांगायचं आहे ते एवढंच की या कामाचं मोल त्या दोन टोकांत आहे. या क्षेत्रात यायचं असेल तर शिकायला सुरुवातही तिथूनच करावी.

ही रीत संगणकाच्या आधीची आहे. १८५१ साली लंडनला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं, तेव्हा अल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकी कुलूपवाला तिथे आला. चब कंपनीचं ‘डिटेक्टर’ कुलूप तेव्हा अभेद्य समजलं जाई. हॉब्जने साक्षीदारांसमोर ते २५ मिनिटांत उघडलं. मग तो ब्रामा कंपनीच्या कुलपाकडे वळला. ते पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत कित्येक दशकं टांगलेलं होतं. उघडणाऱ्याला २०० गिनी देऊ, अशी त्यावर पाटी. हॉब्जने आधी लेखी अटी ठरवून घेतल्या, तीन पंच नेमले गेले आणि मगच तो कामाला बसला. १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले, पण कुलूप उघडलं. पंचांनी तसं लिहून दिलं आणि गिनी त्याच्या हातात पडल्या. वृत्तपत्रांतून मोठा गदारोळ झाला. अशा गोष्टी चारचौघांत सांगितल्या तर चोर शिकतील ना! हॉब्जचं उत्तर असं की चोरांना हे आधीच ठाऊक असतं, अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा. पुढे दोन्ही कंपन्यांनी आपापली कुलपं सुधारली.

या गोष्टीत मला हॉब्जच्या बोटांपेक्षा ते पंच आणि तो अटींचा कागद जास्त महत्त्वाचा वाटतो. आज आम्ही त्या कागदाला स्कोप म्हणतो. कोणते सर्व्हर तपासायचे, कोणत्या वेळात, काय करून बघायचं नाही, काही बंद पडलं तर रात्री कोणाला फोन करायचा, हे सगळं त्यात असतं. खाली सही असते, आणि ती सही अधिकार असलेल्या माणसाचीच लागते. ओळखीचा एखादा कर्मचारी ‘बघ रे जरा’ म्हणाला, याला परवानगी म्हणत नाहीत.

आपल्याकडचा कायदा याबाबत स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ सांगतं की मालकाच्या किंवा जबाबदार व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणकात शिरणं ही चूक आहे, आणि त्याची भरपाई द्यावी लागते. हेच काम अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६ लागतं, म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सरकारने संरक्षित ठरवलेल्या यंत्रणेला हात लावला तर कलम ७० खाली दहा वर्षांपर्यंत. ‘मी चांगल्या हेतूने बघत होतो’ म्हणणाऱ्याला सरळ अभय देणारं कलम या कायद्यात नाही. अमेरिकेच्या न्याय विभागाने मे २०२२ मध्ये जाहीर केलं की सद्हेतूने केलेल्या सुरक्षा संशोधनावर खटले भरायचे नाहीत. तसं काही आपल्याकडे व्हायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते होईपर्यंत मात्र विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या पोर्टलवर, वीजबिलाच्या साइटवर, मित्राच्या इन्स्टाग्रामवर हात साफ करायला जाऊ नये. सराव करायला हक्काच्या जागा भरपूर आहेत, त्या पुढे सांगतो.

प्रत्यक्ष काम कसं दिसतं, याचं एक उदाहरण जवळून बघू. एका पतसंस्थेच्या मोबाइल अ‍ॅपची तपासणी आमच्याकडे होती. संस्थेने तपासणीसाठी दोन खोटी खाती उघडून दिली होती. आमच्याकडे शिकाऊ म्हणून आलेली, मराठी माध्यमातून बीसीएस झालेली एक मुलगी ते अ‍ॅप बघत होती. अ‍ॅप आणि सर्व्हर यांच्यामध्ये बर्प सूट नावाचं साधन लावलं की येणारीजाणारी प्रत्येक मागणी थांबवून वाचता येते, बदलताही येते. पहिल्या खात्याने लॉगिन करून तिने पासबुक उघडलं. सर्व्हरकडे जाणाऱ्या मागणीत खाते क्रमांक होता. तिने तो बदलून दुसऱ्या चाचणी खात्याचा टाकला आणि मागणी पुढे सोडली. दुसऱ्याचं पासबुक समोर आलं. सर्व्हर एवढंच तपासत होता की कोणीतरी लॉगिन केलेलं आहे. हे खातं त्याच माणसाचं आहे का, हे तो विचारत नव्हता.

इथे ती थांबली. क्रमांक एकेकाने वाढवत गेलं असतं तर संस्थेचे सगळे सभासद, त्यांच्या ठेवी, त्यांची कर्जं एका संध्याकाळी उतरवून घेता आली असती. दोन खात्यांवर दोष सिद्ध झाला होता, तिसऱ्याला हात लावायचं कारण उरलं नव्हतं. माणूस या पेशाला लायक आहे की नाही, हे मी अशा क्षणावरून ठरवतो.

मग तिने अहवाल लिहिला. पहिला मसुदा तीन ओळींचा होता. दोषाचं इंग्रजी नाव, धोका ‘हाय’, आणि एक स्क्रीनशॉट. मी तो परत दिला. ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी गणित शिकवत, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मी ऐकलं आहे की नुसत्या उत्तराला ते गुण देत नसत, रीत लिहायला लावत. अहवालाचंही तसंच असतं. दुसऱ्या मसुद्यात तिने क्रमवार लिहिलं की कोणत्या खात्याने लॉगिन केलं, कोणता पडदा उघडला, मागणीतला कोणता भाग बदलला, सर्व्हरने काय उत्तर दिलं. सभासदाच्या दृष्टीने याचा अर्थ काय, तेही लिहिलं: कुठलाही सभासद दुसऱ्या कुठल्याही सभासदाचे व्यवहार वाचू शकतो. शेवटी उपाय लिहिला. खाते क्रमांक मोबाइलकडून आला तरी त्यावर विश्वास ठेवू नये, लॉगिन केलेल्या सभासदाच्या नावावर ते खातं आहे का हे प्रत्येक मागणीला सर्व्हरवर तपासावं. हा अहवाल अ‍ॅप बनवणाऱ्याला कळला आणि संस्थेच्या व्यवस्थापकांनाही कळला.

दोष दुरुस्त झाल्याचं कळवल्यावर आम्ही फेरतपासणी केली. त्यांनी पडद्यावरून खाते क्रमांक काढून टाकला होता, आतल्या मागणीत तो तसाच होता. दोष कायम. पुन्हा लिहून कळवलं, पुन्हा दुरुस्ती झाली, मग तो बंद झाला. या कंटाळवाण्या वाटणाऱ्या फेऱ्यांमुळेच सभासदांचे पैसे सुरक्षित राहतात.

हा दोष लहान संस्थांचाच असतो असं समजू नका. अमेरिकेत मालमत्तेच्या व्यवहारांचे कागद सांभाळणाऱ्या फर्स्ट अमेरिकन फायनान्शिअल या कंपनीची सुमारे ८८.५ कोटी कागदपत्रं २०१९ मध्ये अशीच उघडी सापडली. लिंकमधला आकडा बदलला की दुसऱ्याचा कागद समोर येई. वेबच्या दहा मोठ्या धोक्यांची जी यादी ओवास्प ही संस्था काढते, तिच्या २०२१ च्या आवृत्तीत परवानगी न तपासण्याचा हा प्रकार पहिल्या क्रमांकावर आहे.

आता मुलांचा नेहमीचा प्रश्न: सुरुवात कुठून करू? ‘तीन महिन्यांत हॅकर’ अशा जाहिराती मीही बघतो. तिथे बहुधा काली लिनक्स आणि त्यातल्या वीसेक साधनांची बटणं दाबायला शिकवतात. साधनं नंतर येतात. आधी हे यायला हवं: ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यापासून पान दिसेपर्यंत काय काय घडतं? डीएनएस कोणाला विचारतं, टीसीपीची जोडणी कशी होते, एचटीटीपीच्या मागणीत कोणते रकाने असतात, कुकी कशासाठी असते, सर्व्हर डेटाबेसला एसक्यूएलमध्ये काय विचारतो? हे कागदावर काढून दाखवता आलं तर पाया झाला. त्यानंतर लिनक्सची कमांड लाइन, आणि थोडं पायथन, म्हणजे आपलं छोटं काम आपल्याला लिहून काढता यावं इतपत.

सरावासाठी ओव्हर द वायरचा ‘बँडिट’ हा खेळ फुकट आहे आणि लिनक्स शिकायला त्याच्याइतकं चांगलं मला दुसरं काही माहीत नाही. वेबसाठी पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी, तीही फुकट. घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकून मुद्दाम दोष ठेवून बनवलेलं डीव्हीडब्ल्यूए किंवा ज्यूस शॉप चालवा आणि मनसोक्त फोडा, तो संगणक तुमचाच आहे. प्रत्येक सरावानंतर एक पान लिहा: काय केलं, काय चुकलं, दोष का होता, कसा बुजवायचा. अशी शंभर पानं घेऊन मुलाखतीला आलेला मुलगा मला दहा प्रमाणपत्रं घेऊन आलेल्यापेक्षा जास्त भावतो.

प्रमाणपत्रांचा उपयोग नाही असं मात्र मी म्हणत नाही. सीईएच या प्रमाणपत्राचं नाव मनुष्यबळ विभागाला ठाऊक असतं, त्यामुळे अर्ज पुढे सरकतो. पण त्याची मूळ परीक्षा पर्याय निवडण्याची आहे. ओएससीपीची परीक्षा वेगळी. त्यात जवळजवळ २४ तास प्रत्यक्ष यंत्रं फोडायची असतात आणि पुढच्या २४ तासांत अहवाल पाठवायचा असतो. अहवाल धड नसेल तर फोडलेल्याचेही गुण जातात. परीक्षा घेणाऱ्यांना पेशा कळलेला आहे, याची ही खूण. ती महाग आहे, म्हणून पहिल्या नोकरीनंतर द्यावी, असं मी मुलांना सांगतो. आपल्याकडे सी-डॅकचा सुरक्षेवरचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे, आणि राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाची शाखा गोव्यात आहे. ज्यांना गुन्ह्याच्या तपासाची आवड आहे त्यांनी तिकडे जरूर बघावं.

पहिली नोकरी बहुतेकांना एसओसीमध्ये मिळते, म्हणजे यंत्रणेवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या केंद्रात. रात्रपाळी असते, दिवसाला शेकडो इशारे येतात आणि त्यांतले बहुतेक निरर्थक निघतात. पालकांना वाटतं, पोराला चौकीदारी मिळाली. पण शनिवारी दुपारी एकाच बँकेची कार्डं एकदम अनेक देशांत चालू लागली, तर ते पहिल्यांदा दिसणार याच खुर्चीवरून. वर्ष-दीड वर्ष तिथे काढलेला माणूस पुढे हल्ल्याचा तपास, तपासणी, ऑडिट, कुठेही जाऊ शकतो. त्याने खरी रहदारी बघितलेली असते.

बग बाउंटीबद्दल, म्हणजे दोष शोधून कळवणाऱ्याला कंपनी देते त्या बक्षिसाबद्दल, मुलं फार विचारतात. त्यातली खरी उदाहरणं प्रेरणा देणारी आहेतच. बंगळूरच्या आनंद प्रकाश यांनी २०१६ मध्ये दाखवलं की फेसबुकचा पासवर्ड बदलताना येणारा सहा अंकी आकडा मुख्य साइटवर काही चुकांनंतर बंद पडतो, पण बीटा साइटवर ती मर्यादाच नाही. म्हणजे दहा लाख आकडे यंत्राने एकामागून एक टाकत गेलं की कुठलंही खातं उघडणार. त्यांनी ते स्वतःच्या खात्यावर करून दाखवलं आणि फेसबुकने १५,००० डॉलर दिले. मात्र ज्या घराला महिन्याच्या महिन्याला पगार हवा आहे, त्या घरातल्या मुलाने फक्त बाउंटीवर विसंबून राहू नये. त्यात भर म्हणजे २०२५ मध्ये एक्सबो नावाची स्वयंचलित यंत्रणा हॅकरवन या मंचाच्या अमेरिकेतल्या क्रमवारीत सगळ्यांत वर गेली. ठरावीक प्रकारचे दोष आता यंत्र शोधणार. या अ‍ॅपमध्ये कर्जाचा हप्ता उणे आकड्यात टाकला तर काय होईल, शाखाधिकारी रजेवर असताना मंजुरी कोणाकडे जाते, असे प्रश्न मात्र धंदा समजलेल्या माणसालाच सुचतात, आणि आपल्या गावातल्या मुलांना सहकारी संस्थेचा कारभार घरातूनच माहीत असतो.

भाषेबद्दल थोडं. अहवाल इंग्रजीत लिहावे लागतात, ते शिकायलाच हवं आणि ते जमतं. पण अहवाल समजावून सांगायचा असतो संचालक मंडळाच्या बैठकीत, मराठीत, आणि तिथे भल्याभल्यांची भंबेरी उडते. दोन्ही जमणारी माणसं मला शोधूनही सापडत नाहीत.

सहकारी बँकांच्या आणि पतसंस्थांच्या संचालक मंडळींना आता दोन गोष्टी. कॉसमॉसनंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आणली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये बँकेच्या डिजिटल कामाच्या व्याप्तीप्रमाणे तिच्या चार पातळ्या केल्या. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, त्यामुळे ही चौकट त्यांना लागू नाही. अ‍ॅप तर त्यांनीही काढली आहेत आणि शेतकऱ्यांचे, शिक्षकांचे, भाजीवाल्यांचे पैसे त्यांच्याकडेही आहेत. कोणी सांगायची वाट न बघता वर्षातून एकदा सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या यादीतल्या संस्थेकडून तपासणी करून घ्या. घटना घडलीच तर लपवू नका. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे ती कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. पैसे गेलेल्या सभासदाला १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करायला सांगा, कारण रक्कम पुढच्या खात्यातून काढली जायच्या आत गोठवता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते.

दुसरी गोष्ट याहून सोपी आणि बिनखर्चाची आहे. एखाद्या सभासदाला, एखाद्या विद्यार्थ्याला तुमच्या साइटवर अनवधानाने काही दोष दिसला, तर त्याने सांगायचं कोणाला? आज तो घाबरून गप्प बसतो, किंवा शाखेत येऊन सांगतो आणि तिथे त्याच्यावरच संशय घेतला जातो. यासाठी ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ नावाची एक छोटी फाइल साइटवर ठेवायची जगभर पद्धत आहे आणि २०२२ मध्ये तिचा नमुना रीतसर प्रसिद्ध झाला. तिच्यात दोष कळवण्याचा ईमेल पत्ता असतो. त्याबरोबर मराठीत दोन ओळी लिहा, की सद्हेतूने कळवणाऱ्यावर संस्था कारवाई करणार नाही आणि आठवड्याच्या आत उत्तर देईल. त्या पत्त्यावर आलेली पत्रं रोज कोण वाचणार आणि तो रजेवर असताना कोण वाचणार, ही दोन नावं तुमच्या पुढच्या मासिक सभेत ठरवून इतिवृत्तात नोंदवून घ्या.